बापूसाहेबांचा पाय आणि माझा सूड

मी एक जुनं भुलीचं औषध आहे, नाव केटामाइन. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, क्षमा वगैरे मला जमत नाही.

कारखान्यात काचेच्या कुपीत शिरल्यापासून मी गावोगावच्या दवाखान्यांत राबलो. त्र्याण्णवच्या भूकंपात लातूरजवळच्या तंबूत धड यंत्रं नव्हती, तिथं मी कितीतरी जखमींना वेदनेतून सोडवलं. औशाचे शिक्षक बापूसाहेब त्यांतलेच. त्यांच्या पायाचं हाड मी भूल दिल्यावरच बसवता आलं.

ते मला विसरले असते तरी चाललं असतं. पण पुढे त्यांनी लातुरात कोचिंग क्लास काढला, आणि दरवर्षी गुणवंतांच्या सत्कारात छाती काढून सांगू लागले, "पोरांनो, बिनभुलीचं हाड बसवून घेतलं मी! हूं का चूं केलं नाही!" पोरं टाळ्या वाजवत. मी दात-ओठ खाई.

त्यांची सून देविका क्लासात भौतिकशास्त्र शिकवायची. उदासीच्या आजारानं तिनं अंथरूण धरलं. वर्षभरात दोन औषधं झाली, गुण नाही. तेव्हा तिच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. मुग्धांनी माझं नाव काढलं. माझ्या खोक्यावर या आजाराचा उल्लेख नाही. डॉक्टर रुग्णाला सगळं समजावून, स्वतःच्या जबाबदारीवर, नजरेखालीच मला देतात. घरी न्यायला सोबत माणूस लागतं.

"मला जगावंसं वाटत नाही. एवढं तरी करून बघू द्या," देविका म्हणाली.

"घोड्यांना देतात ती भूल माझ्या सुनेला? मन घट्ट कर, माझ्याकडं बघ!" बापूसाहेबांनी घरच्या कुणालाही सोबत जायला बंदी केली. त्या दिवशी मी सुडाची शपथ घेतली.

पुढच्या सत्कारात तेच भाषण सुरू झालं, आणि त्यांच्या पत्नी लताबाईंनी माईक ओढला.

"खोटं हाय! मी उशाला होते. केटामाइन दिलं व्हतं ह्यांना. डॉक्टरला 'आई, आई' म्हणत लई गाणी गायले व्हते. आता तेच औषध सुनेला देणार हायत, अन् सोबत मी चालले."

सभागृह खदखदून हसलं. आहाहा!

मित्रांनो, मी जादू नव्हे. चोरून घ्याल तर माझ्यासारखा वैरी नाही. पण आजारी माणसाला आपली मर्दुमकी ऐकवू नका, त्याला डॉक्टरांकडे न्या.

तिसऱ्या खेपेनंतर, अजून थोडासा मी देविकाच्या रक्तात असतानाच, तिला कित्येक महिन्यांनी स्वतःहून भूक लागली. लताबाईंनी नुसतं पाहिलं, तसे बापूसाहेब वाढायला उठले.

"मामंजी, अजून एक भाकरी," देविका म्हणाली.

त्यांनी खाली मान घालून वाढली.