मागे दडलेली खिडकी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. अंग पिवळं पडलंय, माऊस कुठे गेला कोण जाणे, नि नागभीडच्या एका संस्थेच्या अडगळीत धानाच्या रिकाम्या पोत्यांखाली मी पडून आहे. त्याची तक्रार नाही. केलेलं निस्तरावंच लागतं.

२००१ साली मी इथे आलो तेव्हा काय थाट होता माझा! लोक चपला बाहेर काढून मला बघायला यायचे. संस्थेच्या अश्विनसरांनी माझ्यात अर्ज छापायचा प्रोग्रॅम बसवला. त्याची एक रीत होती. छापण्याआधी पडद्यावर छोटी खिडकी उघडायची, 'अर्ज तपासा आणि ही खिडकी बंद करा.' ती बंद होईपर्यंत प्रोग्रॅम जागचा हलत नसे. घाईत चूक होऊ नये म्हणून ती सोय होती.

मला चालवायची गोकुळाबाई. आधी ती तिथेच झाडझूड करायची, पाणी भरायची. दहावी शिकलेली, हट्टाने संगणक शिकली. सरांनी तिला बजावलं होतं, "काम सुरू असलं का कशालेच हात लावायचा नाई. सारं पुसून जाईन." बाईने खूणगाठच बांधली.

एक दिवस सोमारी आली. जंगलातल्या गावाहून पहाटेच पायी निघालेली पोर. नर्सच्या प्रशिक्षणाचा अर्ज चंद्रपूरला द्यायचा तो शेवटचा दिवस, आणि वयाच्या अटीत बसायचं तिचं शेवटचं वर्ष. दोनची एसटी मिळाली तरच जमणार होतं. साडेबाराला गोकुळाबाईने अर्ज भरून छापायचं बटन दाबलं. छोटी खिडकी उघडली. तेवढ्यात "हे पाय तुवं नाव" असं कौतुकाने दाखवताना अर्जाच्या मोठ्या खिडकीवर माऊस दाबला गेला, नि छोटी तिच्यामागे दडली. बाईला ती दिसलीच नाही.

मी थांबलो. बाईपण थांबली.

"काऊन निंगत नाई कागद?" सोमारीने विचारलं.

"काम करून राह्यला तो. हात नको लावू."

एक वाजला. दीड वाजला.

"बाई, हातानंच लिहून द्या ना."

"मशीनचा अर्ज पक्का असते, पोरी. घडीभर दम धर."

सर माजरीला लग्नाला गेलेले. विचारणार कुणाला? अगं बाई, ती मोठी खिडकी जरा बाजूला कर, असं ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड कुठे होतं! दोनची एसटी गेली. सोमारीने कागद पिशवीत घातले आणि निघून गेली. पुढे ती धानाच्या रोवणीच्या कामाला जाते असं कानावर आलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मोठी खिडकी सरकवली, छोटी बंद केली. खडखड करत अर्ज बाहेर आला. गोकुळाबाई बघतच राहिली.

"म्हंजे हा माह्यासाठी थांबून होता, अन् मी ह्याच्यासाठी?"

चूक तुमची नाही, असं सरांनी परोपरीने सांगितलं. पण बाईने पुन्हा झाडू घेतला, तो घेतलाच. माझ्यासमोर ती कधी बसली नाही.

मित्रांनो, काम अडलं तर भिऊन बसू नका; जरा हात लावून बघा. आणि कुणाची वाट बघत असाल, तर त्याच्यासमोर येऊन तसं सांगा. मी दीड तास एका मुलीचा रस्ता अडवून बसलो होतो, आणि तेही तिच्याच अर्जात चूक होऊ नये म्हणून.