डावा निळा, उजवा निळा

वरच्या खोलीच्या भिंतीवर रंगारी मल्लिनाथने निळ्याचे दोन पट्टे ओढून ठेवले होते. डावा सासूचा, उजवा सुनेचा. वसंतरावांनी चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले. दोन्ही सारखेच, बादलीत नीळ जरा कमी पडल्यासारखे. पण हे बोलायची सोय नव्हती. आठवडाभर नांदेडच्या या घरात त्या पट्ट्यांपायी भांडी जोरात आपटत होती.

"तिचा निळा म्हणजे दवाखाना," सौदामिनीबाई म्हणत.

"आणि आईंचा म्हणजे बालवाडी," श्रद्धा नवऱ्याला सांगे, सासूला नेमके ऐकू जाईल एवढ्या हळू.

वसंतराव मनातून खूष होते. मुलाला, राघवेंद्रला, बँकेच्या लातूर शाखेत बोलावणे आले होते; जाणार की नाही, ते दोघे सांगत नव्हते. त्यांची खोली रंगवायचा घाट वसंतरावांनी त्यासाठीच घातला होता. तहसिलीत जन्म काढलेल्या माणसाचा हिशेब सरळ: जिला इथे राहायचे आहे, तीच भिंतीसाठी भांडेल.

"मालक, एक काय ते सांगा," मल्लिनाथ म्हणाला. "मशीनवर रंग कालवला की दुकानदार परत घेत न्हाई."

सौदामिनीबाईंनी पदर खोचला. "तिलाच विचारा. माझं कोण ऐकतंय इथं?"

श्रद्धा दारात उभी होती. कालच ती आणि राघवेंद्र लातूरजवळच्या रेणापूरचे नात्यातले लग्न उरकून आले होते.

"आईंचाच घ्या," ती म्हणाली. "छान दिसतोय."

"बघा! मी म्हणत नव्हते?" सौदामिनीबाई खुलल्या.

वसंतराव मात्र तिच्याकडे वळले. "अगं, बालवाडी म्हणत होतीस ना? म्हण की आता!"

"राहू द्या, बाबा. काय फरक पडतो."

"पडतो! उजवाच चांगलाय. भांड जरा!"

"अहो, पोरगी ऐकून राहिली तर तुम्ही कशाला पेटवून राहिले?"

वसंतरावांनी बायकोकडे पाहिलेच नाही. "श्रद्धा, काल रेणापूरहून लातूरला गेला होतात?"

तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. "हाव, बाबा. घर बघितलं. हे संध्याकाळी सांगणारच होते."

सौदामिनीबाईंचे हसू तोंडावर तसेच राहून गेले. मग त्या घाईघाईने मल्लिनाथकडे वळल्या. "उजवा आण. तिचाच. ऐकलंस ना?"

"आई, अहो..."

"तू गप. खोली तुझी आहे."

मल्लिनाथने श्रद्धाकडे पाहिले, श्रद्धाने फरशीकडे. तो गाडीची किल्ली घेऊन निघाला आणि अर्ध्या जिन्यात थांबला, वरून कुणी हाक मारते का ते ऐकत.