फुलीशिवाय सही

"टोकन घ्या आणि बसा," दीप्तीने मान वर न करता सांगितलं.

"अगं, मी आहे," संदेश म्हणाला.

"दिसतंय. टोकन घ्या."

आखातातल्या गुदैबिया वस्तीतल्या या टायपिंगच्या दुकानात दीप्ती बारा वर्षं लोकांचे फॉर्म भरत होती. वाचल्याशिवाय सही करू नका, असं प्रत्येकाला बजावायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! घरी मात्र नवऱ्याने, म्हणजे या संदेशने, सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून कागद पुढे केला, की ही पोळ्या लाटता लाटता सही ठोकून मोकळी. दोघांच्या नावावरचा साताऱ्याचा फ्लॅट तसाच विकला गेला. पैसे संदेशच्या खात्यात जाऊन त्याच्या गॅरेजात बुडाले, विक्रीवरचा कर कुणी भरलाच नाही. घटस्फोटाला तीन वर्षं झाल्यावर नोटीस मात्र दोघांना आली आणि दीप्तीचं साताऱ्याच्या बँकेतलं खातं गोठलं. लेकीच्या, शिवांगीच्या कॉलेजची फी त्यातच होती, आणि ती भरायला चार दिवस उरले होते.

घटस्फोटाच्या निकालाप्रमाणे कर संदेशनेच भरायचा होता. ते तुमचं आपसातलं, असं कर कार्यालयाने कळवलं. सगळी रक्कम मीच घेतली असं संदेशने सहीनिशी लिहून द्यावं, मग तुमचं खातं मोकळं करू, असंही सांगितलं. तीन आठवडे संदेश फोनवर 'इंशाल्ला, देवाच्या मनात असेल तर होईल' म्हणत होता. दीप्तीला त्या शब्दाचीच चीड आली होती.

नंबर लागल्यावर तो काउंटरशी आला. "काय ते तूच लिही. मला कुठं जमतंय हे?"

एकोणीस वर्षं हेच ऐकलं होतं. त्याच्या व्हिसापासून सासूबाईंच्या औषधांच्या यादीपर्यंत सगळं हिनेच लिहिलं, आणि आता त्याच्यापासून सुटायचा कागदही हिनेच लिहायचा. मजकूर तिने सकाळीच तयार ठेवला होता. इंग्रजीखाली मुद्दाम मराठीही टाइप केलं होतं.

"एक दिनार."

"माझ्याकडून पण?"

"सगळ्यांकडून."

त्याने दिनार ठेवला, कागद उलटसुलट केला. "फुली कुठं मारलीस?"

"मारली नाही."

"मग सही कुठं करू?"

"वाचत या. शेवटी जागा सापडेल."

मागे रांग चुळबुळायला लागली. "यल्ला, भाई, जल्दी," कुणीतरी म्हणालं. संदेश ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागला. 'दीप्ती यांना या विक्रीतून काहीही मिळालेले नाही' इथे बोट थांबलं.

"असंच लिहायला पाहिजे?"

"खोटं असेल तर खोडा."

त्याने खोडलं नाही; बोट पुढच्या ओळीवर सरकवलं. दीप्तीला त्याची कीवही आली आणि त्या किवेचा रागही आला. तिने पुढचं टोकन पुकारलं नाही. पेनाचं टोपण काढून पेन त्याच्यासमोर ठेवलं आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर रांग थोपवून धरली.