करडा दिवा

“भाऊ, आमचा दिवा?”

सकाळचे साडेआठ. फोन उचलून मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत पलीकडून हा प्रश्न यायचा. अकरा वर्षं. डोंगरापलीकडच्या दवाखान्यातल्या या सिस्टरचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण घसा बसलाय की रात्री झोप झाली नाही, हे तिच्या आवाजावरून सांगू शकलो असतो.

“हिरवा आहे, ताई.”

“झालं तर मग! मामा, उठला बरं का तुमचा लाडका!”

मागून दवाखान्याच्या शिपाईमामांचा खणखणीत आवाज यायचा. “चकाचक पुसलाय म्हणावं! आता पडला तर त्या डॉक्टरच्या बोलण्यानं पडला!”

डॉक्टर म्हणजे मी. मी कसला डॉक्टर, कपाळ! मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत बसून नेटवर्कवर लक्ष ठेवणारा माणूस. आमचे चव्वेचाळीस लहान दवाखाने, प्रत्येकात भिंतीवर एक डबा, आणि त्या डब्यांमार्फत सगळे आमच्याशी जोडलेले. आमचा संगणक दर मिनिटाला प्रत्येक डब्याला विचारायचा, आहेस का? डबा म्हणायचा, आहे. उत्तर आलं की माझ्या पडद्यावर हिरवा दिवा. नाही आलं की लाल, आणि टेबलावर घंटा. या सगळ्या हजेरीची सरासरी काढून महिनाअखेर शंभरपैकी एक आकडा निघायचा. त्याला ‘तब्येत’ म्हणत. दर महिन्याला तब्येत सांगतो म्हणून ऑफिसात माझं नाव डॉक्टर पडलं. बायको म्हणायची, “डॉक्टरसाहेब, कधीतरी घरातल्यांचीही तब्येत विचारत जा.”

सिस्टरचा डबा म्हणजे रडतराव. रात्रभर मेल्यासारखा पडून असायचा. सकाळी मामा त्याला पुसायचे, बंद करून पुन्हा चालू करायचे, की तो उठायचा. दिवसातही मधेच डुलकी घ्यायचा. मग माझी घंटा वाजायची, मी फोन करायचो, मामा पुन्हा त्याचा कान पिळायचे. नवीन डबा द्या म्हणून मी चार वेळा लिहून दिलं होतं. कागद कुठे गेले, देव जाणे.

सिस्टर दिव्याची चौकशी उगाच करत नव्हती. तिथे डॉक्टर नव्हता. छातीत दुखणारा माणूस आला, की ती हृदयाचा आलेख काढून आमच्या डॉक्टरांकडे पाठवायची आणि दहा मिनिटांत तिला उत्तर जायचं. दिवा लाल असला, तर वाट न बघता माणसाला गाडीत घालून इकडे धाडायची. हिरवा म्हणजे थांब, लाल म्हणजे पळ. इतकं ते साधं होतं.

त्या महिन्यात तब्येत सत्त्याण्णव पूर्णांक सहावर अडकली. महिनाअखेर अठ्ठ्याण्णवच्या खालीच राहिली तर काम बाहेरच्या कंपनीला देणार, असं वरून आलं होतं. आमच्या खोलीत तिघं होतो, तिघंही पन्नाशीच्या पुढचे. या वयात आम्हाला कोण विचारणार होतं?

साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“त्या डोंगरातल्या डब्याला ‘दुरुस्तीत’ टाक.”

“साहेब, दुरुस्तीत टाकला की तो सरासरीतून निघतो, पण त्याला विचारणंच बंद होतं. घंटा वाजणार नाही.”

“अरे, महिनाअखेरपर्यंत! एका डब्यापायी तिघांनी घरी बसायचं का?”

मी बटण दाबलं. दिवा करडा झाला. आकडा सत्त्याण्णव पूर्णांक सहावरून टुणकन नव्याण्णव पूर्णांक एकवर गेला. शेजारच्या दोघांनी सुटकेचा निःश्वास सोडला. खरं सांगायचं तर माझाही जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला फोन. “भाऊ, आमचा दिवा?”

मी पडद्याकडे पाहिलं. त्रेचाळीस हिरवे, एक करडा. यादीतून काढलाय म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

“ठीक आहे, ताई. हिरवा.”

पहिल्या दिवशी जीभ अडखळली. पुढे सवय झाली.

पाचव्या दिवशी दुपारी बाराला तिचा फोन आला. तिनं दुपारी कधीच फोन केला नव्हता.

“भाऊ, दिवा बघा.”

मी डबा ‘दुरुस्ती’तून बाहेर काढला. क्षणभरात लाल झाला आणि घंटा वाजू लागली. ती तिलाही ऐकू गेली असणार.

“लाल आहे, ताई.”

“कधीपासून?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

घंटा वाजतच होती.

“दहाला मामांच्या छातीत कळ आली,” ती म्हणाली. “मी आलेख काढला, पाठवला. यंत्रावर चक्र फिरत राहिलं. मला वाटलं, आज उशीर होतोय. दिवा लाल झाला असता तर तुमचा फोन आला असता, म्हणून थांबले. अर्धा तास थांबले मी, भाऊ. मामाच म्हणत होते, ‘घाई नको, डॉक्टर बसलाय ना तिकडे.’ मग गाडीत घातलं. घाट उतरायच्या आत गेले.”

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ घंटाही बंद केली नाही. शेजारच्यानं उठून केली.

आठवड्यानं चौकशी लागली. लांब टेबल, तीन अधिकारी, आणि कडेच्या खुर्चीवर सिस्टर. मी मनात उंच, दांडगी बाई धरली होती. ही बुटकी निघाली, केस पिकलेले, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

साहेबांनी कागद वाचला. “त्या सकाळी नेटवर्कची तब्येत नव्याण्णव पूर्णांक एक. दुपारी बाराच्या आधी एकाही बिघाडाची नोंद नाही. तेव्हा झालेला उशीर हा सिस्टरचा.”

एक अधिकारी लिहून घेऊ लागला. माणूस तर गेलाच होता, आता खापरही सिस्टरच्याच डोक्यावर फुटणार होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण राग कुणाचा येणार? बटण तर माझ्याच बोटानं दाबलं होतं.

“तो डबा यादीतच नव्हता,” मी म्हणालो. “म्हणून नोंद नाही. सांगितलं साहेबांनी, काढला मी.”

लिहिणाऱ्या अधिकाऱ्यानं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

“आणि सिस्टरना तुम्ही रोज हिरवा सांगत होता?”

“हो.”

“का?”

“डबा काढल्याचं लक्षात राहिलं नाही,” मी म्हणालो.

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं माझा आवाज ऐकला होता तिनं. मी खोटं बोलतोय हे तिला कळलं, आणि तिला कळलंय हे मला.

सिस्टरवरचा ठपका निघाला. तब्येत पुन्हा मोजली, सत्त्याण्णव पूर्णांक सहा. काम बाहेरच्या कंपनीला गेलं. शेजारचे दोघे माझ्याशी बोलायचे बंद झाले, त्यांचं तरी काय चुकलं? डोंगरातल्या दवाखान्याला नवा डबा मंजूर झाला आहे, अजून पोचलेला नाही.

आज माझा शेवटचा दिवस. फोन येईल असं वाटलं नव्हतं. चौकशीनंतर ती करत नव्हती. साडेआठला वाजला.

“साहेब, आमचा दिवा?”

साहेब. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“लाल आहे, ताई.”

“थांबा, बंद करून चालू करते.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं गेली. मागून कुणी ओरडलं नाही. मी पडद्याकडे बघत बसलो. दोन मिनिटांनी दिवा बदलला.

“झाला का, साहेब?”

“झाला, ताई. हिरवा आहे. अगदी खरा हिरवा आहे.”



“बरं,” ती म्हणाली. “मी गाडी दारातच उभी ठेवते.”