पडद्याच्या दांड्यांच्या नळ्या

लिनस बोकेलमनची बायको ऑरेलिया फेब्रुवारीत वारली, आणि पुढच्या नऊ दिवसांत त्याच्या ओट्यावर गावातल्या बायकांनी जेवण भरून आणलेली चौदा काचेची भांडी जमा झाली. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर घरधनिणीचं नाव. कुणाचे कोंबडीचे नूडल्स, कुणाचे चीज घातलेले बटाटे, तीन जणींचा आंबवलेला कोबी. लिनसने थोडं खाल्लं, बरंच टाकलं आणि भांडी घासून नावांच्या क्रमाने लावून ठेवली.

आता ती परत करायची होती. दक्षिण इंडियानातल्या त्या जर्मन कॅथलिक गावात भांडं रिकामं परत करत नाहीत. चार बिस्किटं, मूठभर अक्रोड, काहीतरी घालतातच. बेचाळीस वर्षं ते काम ऑरेलियाचं होतं. लिनसला फक्त अंडं उकडता येत होतं, आणि चौदा घरी उकडलेली अंडी घेऊन जाणं त्याला बरं दिसेना.

दुसरी एकच गोष्ट त्याला करता येत होती. गावच्या क्लबात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रिव्हॉल्वरची स्पर्धा असे. त्या रिव्हॉल्वरमध्ये सहा काडतुसं एकदम भरतात, एका पातळ पोलादी चकतीत खोचून. झाडून झाल्यावर सहा रिकाम्या पुंगळ्या चकतीसकट बाहेर पडतात. पण मग त्या चकतीतून सोडवणं म्हणजे नखांचा सत्यानाश. कुणी पक्कड लावतो, कुणी पेचकस घालतो, आणि चकती वाकते. चकती कागदाच्या जाडीइतकी जरी वाकली तरी आत घासते, रिव्हॉल्वरचं चक्र अडतं, चाप ओढवत नाही. लिनसने एकोणीस वर्षांपूर्वी वायरी ओवायच्या लोखंडी नळीचा वीतभर तुकडा घेतला, तोंडाला कानशीने खाच केली. नळी पुंगळीवर सरकवायची, मनगट वळवायचं. पुंगळी कट् करून सुटते आणि नळीत जाते. त्या नळीने एकही चकती वाकली नव्हती.

मार्चमध्ये त्याने अशा चौदा नळ्या केल्या. गॅरेजातल्या मांडणीवर लोखंडी नळीचे तीन लांब तुकडे पडून होते. ते सोडून तो स्वयंपाकघरात का गेला, हे त्याला सांगता आलं नसतं. त्याने दोन्ही खिडक्यांचे, ऑरेलियाने लावलेले पडदे उतरवले, घडी घालून खुर्चीवर ठेवले आणि चार दांड्या कापल्या. नळी पुंगळीवर चपखल बसली. प्रत्येक नळीने त्याने सहा-सहा पुंगळ्या काढून पाहिल्या. सुटल्या. मग एकेक नळी एकेका भांड्यात ठेवून त्याने भांडी पोचती केली. एका बाईने फोन करून विचारलं, हे सॉसेज भरायचं आहे का. बाकीच्यांच्या नवऱ्यांनी नळ्या ठेवून घेतल्या. ते सगळे क्लबातलेच होते.

जूनच्या स्पर्धेत ओथमार हाकमनचा चाप अडला.

ओथमार म्हणजे ओटी. लिनसचा शाळेपासूनचा मित्र. दोघं एकोणीस वर्षं एकाच गाडीतून क्लबात जात आले होते. गेल्या पानगळीत ओटीच्या उजव्या हाताचं ऑपरेशन झालं होतं. तिसऱ्या फेरीत दोन गोळ्या सुटल्या आणि तिसऱ्यांदा चाप अर्ध्यावर थांबला. ओटीने जोर केला. मग दुसऱ्या हाताचं बोटही लावलं. घड्याळ घेऊन मागे उभा असलेला गिब म्हणाला, "थांब ओटी. रिकामं कर."

ओटीने रिव्हॉल्वर रिकामं करून दाखवलं. "बोट गेलं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणालाच होता."

सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. म्हाताऱ्या माणसाची लाज राखतायत, असं लिनसला वाटलं.

परत येताना ओटी गाडीत म्हणाला, "पुढच्या शनिवारी गिबचा पुतण्या रिव्हॉल्वर न्यायला येतोय. तू हा डबा ने. चकत्या आहेत, पुंगळ्यांसकट. तुझी नळी पण आहे. मला काय करायचंय आता."

"बरं," लिनस म्हणाला. एवढंच तो हल्ली म्हणायचा.

मंगळवारी त्याने डबा उघडला. आपल्या जुन्या नळीने पुंगळ्या काढायच्या, चकत्या पुसायच्या, डब्यात भरायच्या. काम होतं म्हणून करत होता. चकती ठेवण्याआधी आपल्या रिव्हॉल्वरमध्ये घालून चक्र फिरवून बघायची त्याची जुनी सवय. पहिली फिरली. दुसरी अडली. बावीस चकत्यांपैकी नऊ अडल्या. त्याने ओटीची नळी उजेडात धरली आणि कडेवरून नख फिरवलं. नख अडकलं. दांडीचा पत्रा मऊ. शंभरेक पुंगळ्यांनंतर कड बाहेर वळली होती. आता ती पुंगळी उचलत नव्हती, चकती दाबत होती.

म्हणजे ओटीचं बोट शाबूत होतं.

दाढेला भूल दिल्यावर माणूस जिभेने चाचपून बघतो, तसं लिनसने स्वतःला चाचपलं. काही लागलं नाही. बुधवारी त्याने गवत कापलं. गुरुवारी गाडीचं तेल बदललं, जे बदलायला झालं नव्हतं. गप्प राहिलं तरी कुणाला पत्ता लागणार नव्हता. शनिवारी रिव्हॉल्वर गेलं की विषय संपला. पण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गाडीत शेजारची जागा रिकामी, हे त्याने मनात एकदा मांडून पाहिलं. घरात एक खुर्ची रिकामी होतीच. शुक्रवारी सकाळी दहा वाजता तो ओटीच्या दारात उभा राहिला, हातात डबा, खिशात स्वतःची जुनी नळी.

ओटीची बायको रोझेला व्हरांड्यात शेंगा मोडत बसली होती. तीही त्यांच्याच वर्गातली.

"मागे आहे तो," ती म्हणाली. "टोमॅटोंशी बोलतोय. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, त्यांच्याशी बोलतो."

"त्याच्या बोटाला काही झालेलं नाही, रोझेला. माझ्या नळीने चकत्या वाकल्या."

रोझेलाचे हात थांबले. "नळीचं होय. कळलं का तुला शेवटी."

"तुला माहीत होतं?"

"नळी भिकार आहे एवढं माहीत होतं. बोटाशी तिचा काय संबंध, ते मला काय कळणार? मी कधी बंदूक धरलीय? गिबने तर त्याची एप्रिलातच टाकून दिली. सगळ्यांनीच टाकल्या. तुझ्यापाशी बोलायचं नाही असं ठरलं."

"का?"

"का म्हणजे? बायको गेलेल्या माणसाला कोण जाऊन सांगणार?"

"ओटीला तरी सांगायचं."

"सांगितलं की गिबने. हा म्हणाला, लिनसची नळी चकती वाकवत नाही, तुम्हीच धसमुसळे आहात. आणि हट्टाने तीच वापरत राहिला. चकत्या तपासायच्याही बंद केल्या. तपासलं तर जणू तुझा अपमान." तिने शेंग मोडली. "एकेक नग आहात तुम्ही."

ओटी आला, हात मातीने भरलेले. लिनसने सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. ओटीने ऐकून घेतलं, हात धुतले, रिव्हॉल्वर आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. लिनसने अडलेली एक चकती रिकाम्या पुंगळ्यांसकट त्यात घातली. ओटीने खिडकीबाहेरच्या मातीच्या बांधाकडे रोखून चाप ओढला. अर्ध्यावर थांबला. लिनसने ती काढून सपाट चकती घातली.

एक. दोन. तीन. चार. पाच. चाप लोण्यातून जावा तसा गेला. सहाव्याला ओटीचा ओठ दाताखाली आला, बोटाचा जोर कमी पडला, आणि जरा उशिराने कट् झालं.

ओटीने रिव्हॉल्वर खाली ठेवलं. "सहाव्याला अडलं ते माझं बोट," तो म्हणाला. "बाकी सगळं तुझ्या नळीचं."

"हो."

"कसली केली होतीस?"

"पडद्याच्या दांड्यांची."

"कुठल्या पडद्याच्या?"

"स्वयंपाकघरातल्या."

ओटीने रोझेलाच्या खिडकीकडे बघितलं. निळ्या चौकड्यांचे पडदे होते. "गॅरेजात लोखंडी नळी नव्हती?"

"होती."

ओटीने वाकड्या चकत्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि म्हणाला, "गिबला फोन लाव. सांग, पुतण्याला येऊ नको म्हणावं."

"तुझं रिव्हॉल्वर. तूच लाव."

"मी काय सांगू?"

"सांग, लिनसची नळी भिकार निघाली."

"ते माहीत आहे त्याला," दारातून रोझेला म्हणाली. ओटी हसला. लिनसलाही हसू यायला हवं होतं. ते कुठे अडलंय हे त्याला कळलं, पण आलं नाही.

निघताना रोझेलाने एक झाकलेलं भांडं त्याच्या हातात दिलं. शेंगा आणि डुकराचं मांस, अजून गरम. "भांडं परत आण," ती म्हणाली. "आणि कृपा करून त्यात काही घालू नकोस."

"रिकामं?"

"रिकामं. मी कुणाला सांगणार नाही."

दुपारी त्याने ते बिनपडद्याच्या खिडकीसमोर बसून खाल्लं. मीठ कमी होतं की जास्त, सांगता आलं नसतं; पण तळ दिसला. भांडं घासलं, पुसलं. मग गॅरेजात जाऊन मांडणीवरून लोखंडी नळी उतरवली, वीतभर कापली, खाच केली. या वेळी सहा पुंगळ्यांवर भागवलं नाही. पिंपात साठवलेल्या जुन्या पुंगळ्या चकत्यांत खोचत आणि काढत बसला, तीनशे होईपर्यंत. मग कडेवरून नख फिरवलं.

नख सरळ गेलं. त्याने नळी रोझेलाच्या भांड्यात ठेवली आणि भांडं दाराशी नेऊन ठेवलं.