व्याह्यांनी आणलेली धामण

जावयाचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्याचं हजार वर्षांचं, असं आमच्या किर्गिझ लोकांत म्हणतात. त्यामुळे माझे व्याही साटीबाल्दी नारीनच्या डोंगरातून बिश्केकला आले आणि पिठाच्या पिशवीतून एक जिवंत धामण काढून त्यांनी माझ्या हातात दिली, तेव्हा मी "वा, वा" एवढंच म्हणालो.

"रिकाम्या हातानं कसा येणार? तुमची लेक म्हणते, बाबांना पुस्तकं आणि साप सोडून काही कळत नाही. पुस्तकातलं मला कळत नाही. म्हणून बाजारातून ही उचलली," ते म्हणाले.

मी तिला घेऊन न्हाणीघराकडे निघालो.

"तिकडे कुठे? पाहुण्याला मोरीत बसवता? त्या म्हातारीशेजारी ठेवा, मानाच्या जागी!"

म्हातारी म्हणजे माझी आयसारी. एकोणीस वर्षांची धामण. आणली तेव्हा पेन्सिलीएवढी होती.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी पस्तीस वर्षं ग्रंथालयात सूचीकार होतो. साप मी पुस्तकांत वाचून पाळायला शिकलो, आणि शहरातले साप पाळणारे अडले की मलाच फोन करतात. मी प्रत्येकाला एकच सांगतो: नवा साप चाळीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. त्याचं पाण्याचं भांडं वेगळं, फडकं वेगळं, खाली पांढरा कागद. हे मी किती जणांना सांगितलं असेल! पण व्याह्यांपुढे जीभ उचलेना. उलट वाटलं, आपण उगाच फार घाबरत असू. मी नव्या धामणीला आयसारीच्या पेटीत सोडलं.

सतराव्या दिवशी आयसारी पाण्याच्या भांड्यातून बाहेर येईना. उंदीर दिला, तोंड फिरवलं. भांड्याच्या तळाशी खसखशीसारखे काळे ठिपके दिसले. भिंग आणलं. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीच्या खवल्यांखाली तेच ठिपके होते, आणि ते चालत होते. सापाचं रक्त पिणारे किडे.

"लोकांना फोनवर शहाणपण शिकवता," माझी बायको बातमा म्हणाली, "आणि घरात हे!"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आयसारीला उलटसुलट करून पाहिलं. "अंगात रक्त उरलेलं नाही. कडक औषध हिला सोसणार नाही. मी मोजून देते तेवढंच लावा. खरं काम पेटीचं आहे. किड्यांची अंडी तिथे असतात." जगेल का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

बुरुलनं, म्हणजे माझ्या लेकीनं, ही बातमी सासऱ्यांच्या कानावर घातली. दुसऱ्याच दिवशी व्याही हजर. हातात काळ्या औषधाचा डबा.

"विहीणबाई, बादली आणा! चारशे मेंढ्या वर्षातून दोनदा बुडवतो मी यात. एक गोचीड राहत नाही."

बातमानं माझ्याकडे पाहिलं. ते डब्याचं झाकण उघडायला लागले. खोलीभर डांबराचा वास सुटला.

"नाही," मी म्हणालो.

ग्रंथालयात साहेबांनासुद्धा हा शब्द मी कधी म्हटला नव्हता.

"काय म्हणालात?"

"नाही, व्याहीबुवा. मेंढीला लोकर असते. ही यानं मरेल. आणि चूक माझी आहे. तुमची भेट मी चाळीस दिवस वेगळी ठेवायला हवी होती."

त्यांचा चेहरा लाल झाला. "माझी भेट वेगळी? वाळीत टाकायला?"

मी विचारलं, "बुरुलला मुलगी झाली, तेव्हा तुम्ही मेंढा घेऊन धावत आलात. बाळाचे चाळीस दिवस व्हायचे होते, आणि तोवर आपल्यात बाहेरच्याला बाळापाशी जाऊ देत नाहीत. तुम्हाला आत घेतलं?"

"माझ्याच बायकोनं दारातून परत पाठवलं."

"वाळीत टाकलं होतं का?"

बातमा भाजी नसलेल्या पातेल्यात उगाच चमचा फिरवत होती.

"दोनच दिवस उरले होते हो," व्याही म्हणाले. "दोन! तरी सोडलं नाही बायकोनं." आणि हसत सुटले. झाकण घट्ट लावून त्यांनी डबा दाराबाहेर ठेवला, कोट काढला आणि बाह्या सरसावल्या. "बोला, काय करायचं?"

नवी धामण न्हाणीघरात गेली. पेटीतली लाकडं, भुसा, सगळं आम्ही फेकून दिलं. पेटी उकळत्या पाण्यानं धुतली. मला वाटलं, झालं. व्याह्यांनी पेटी उजेडात धरली.

"मेंढीच्या कानामागे बघतात तसं बघायचं असतं," असं म्हणत त्यांनी चाकूचं टोक बिजागरीच्या फटीत घातलं. टोकावर बारीक पांढरट अंडी आली. माझ्या भिंगाला ती दिसली नव्हती.

आयसारीला कोमट पाण्यात ठेवताना तिचं डोकं वर राहावं म्हणून त्यांनी मानेखाली बोट धरलं. चारशे मेंढ्यांना लोळवणारा तो हात पाऊण तास हलला नाही. मग हात धुऊन नव्या धामणीची पाळी. आधी आपली, मग आजार आणणारी, हा क्रम त्यांनी एकदाही चुकवला नाही. दर चौथ्या दिवशी ते डोंगरातून बसनं येत. उरलेली अंडी फुटतात म्हणून पुन्हा पाणी, पुन्हा उकळणं, पुन्हा पांढरा कागद.

सहाव्या आठवड्यात आयसारीनं कात टाकली, डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्यांसकट अखंड. कागदावर एक ठिपका नव्हता. त्याच संध्याकाळी तिनं उंदीर घेतला. मी लगेच व्याह्यांना फोन केला. पलीकडे ते कुणाला तरी ओरडून सांगत होते, "जगली! आमची म्हातारी जगली!"

पुढच्या रविवारी ते आपल्या दोन थोरल्या भावांना घेऊन आले. दारातच त्यांना अडवून हात धुवायला लावले. पेटीपाशी नेऊन आयसारी दाखवली, बिजागरीची फट दाखवली. मी नेहमीसारखा मागे पुस्तकांच्या कपाटापाशी उभा होतो. त्यांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं.

"आणि हे माझे व्याही," ते भावांना म्हणाले. "माझ्या तोंडावर मला 'नाही' म्हणाले. तुमच्यापैकी कुणाची छाती झाली होती कधी?"