सोनीबाईचं राहणं

मानोऱ्याच्या अलीकडे फाट्यावर उतरलं, की कच्च्या रस्त्यानं अर्ध्या कोसावर सोनीबाईचा तांडा. पस्तीस-चाळीस घरं, मधोमध सेवालाल महाराजांचं देऊळ आणि देवळापुढे हापशी. ऊसतोडीला गेलेली माणसं परतली होती. घरांची कुलपं निघाली होती आणि संध्याकाळी हापशीवर एकच विषय होता. सोनीबाई-प्रेमसिंगचा मुलगा वीरेंद्र घरच्यांना घेऊन नैनीतालला चालला होता.

तांड्यातून माणसं दूरदेशी जात नव्हती असं नाही. दसरा झाला की सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत जात. पण जायचं ते कोयता घेऊन. नुसतं तळं पाहायला कोणी दोन दिवस आणि दोन रात्री रेल्वेत बसतं, हे पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. सोनीबाईच्या शेजारची लखमा सगळं ऐकून घेऊन म्हणाली,

"तिकडं ऊस हाय काय?"

"नाही व. नुसतं पाणी हाय," सोनीबाई म्हणाली.

"मंग जाऊन करतेत काय?"

सोनीबाईलाही ते नीट सांगता आलं नाही. पण तिच्या मनात एक गोष्ट होती, ती तिनं लखमालाही सांगितली नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात सोनीबाई दहा वर्षांची होती. तिचं माहेर टेकडीपलीकडच्या तांड्याचं. दोन्ही तांड्यांच्या मधे सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं, तेव्हा ती आईच्या मागे मागे मातीची पाटी डोक्यावर घेऊन चढायची. दुपारी सुकडी मिळायची, ती खायला मिळते म्हणून तिला ते काम आवडायचंही. आई म्हणायची, एकदा का हे तळं भरलं, की उन्हाळ्यातही आपल्याला पाणीच पाणी. तळं झालं. पावसाळ्यात ते भरायचंही. पण होळीच्या आत आटून जायचं आणि मे महिन्यात त्याच्या तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. पन्नास वर्षं सोनीबाई त्याच भेगांतून शेळ्या हाकत आली. आई केव्हाच गेली होती. भर मे महिन्यात काठोकाठ भरलेलं तळं कसं दिसतं, ते सोनीबाईला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. तिची ओढ एवढीच होती.

वीरेंद्र नागपूरला शाळेत मास्तर. त्याची नऊ वर्षांची मुलगी चंदा सुट्टी लागताच आजीकडे आली होती. तिला गोरमाटी, तांड्याची बोली, नीट येत नसे, म्हणून ती आली की घरात वऱ्हाडीच चाले; वीरेंद्र आईला 'याडी' म्हणे, तेवढंच गोरमाटी उरलं होतं. तिनं मोबाइलवर आजीला नैनीतालचे फोटो दाखवले. हिरवं पाणी, त्यात रंगीत नावा, भोवती डोंगर. सोनीबाईनं फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हे पावसाळ्यातलं असन," ती म्हणाली.

"नाही दादी. मे महिन्यातलंच आहे. हे बघ, तारीख लिहिली आहे."

सोनीबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. तारीख तिला वाचता आली नाही, पण पाणी दिसलं.

मग एका संध्याकाळी वीरेंद्रचा फोन आला. तांड्यात फोन नीट लागायचा तो फक्त देवळाच्या ओट्यावर. चंदा फोन घेऊन तिकडे पळाली, मागोमाग सोनीबाई गुडघा धरत गेली. वारा सुटला होता आणि आवाज तुटून तुटून येत होता. खोली, वरची, असं काहीतरी आलं. मग खरखर झाली आणि मग वीरेंद्रचे शब्द अगदी स्वच्छ ऐकू आले.

"याडी, तू राहशीन ना?"

सोनीबाईनं गुडघ्यावरचा हात काढून ओट्याला टेकला. मग म्हणाली, "हो रे बाबा. राहतो मी."

"नाही, मनापासून सांग. तरास नाही ना होनार?"

"कायचा तरास? राहतो म्हनलं ना."

फोन बंद झाला. चंदा ओट्यावरून उडी मारून पळाली. सोनीबाई गुडघा धरत घराकडे निघाली.

हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. तोडीला जायच्या आधी घरोघर तो विचारला जाई. कोण राहते? म्हाताऱ्यांपाशी, लेकरांपाशी, शेळ्यांपाशी कोणीतरी मागं राहिल्याशिवाय घर हलत नसे. लग्नानंतरचे आठ हंगाम सोनीबाई तोडीला गेली. वीरेंद्र जन्मला तोही तिकडेच, फडाशेजारी उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत. पण तो शाळेत जायच्या वयाचा झाला त्या दसऱ्याला ती आपणहून म्हणाली, राहतो मी. प्रेमसिंग धाकट्या भावाला जोडीला घेऊन गेला. तेव्हापासून दर हंगामाला ती राहिली. लखमाही राहिली. एका वर्षी तर दोघींनी मिळून तांड्याची अकरा लेकरं सांभाळली. एकीनं चूल पेटवायची, दुसरीनं त्यांना शाळेच्या रस्त्याला लावायचं. त्या अकरांतला एक मास्तर झाला, तो वीरेंद्र.

आणि या राहण्याची एक रीत होती. जो एकदा राहतो म्हणाला, त्याला पुन्हा विचारायचं नाही. त्यानंही पुन्हा तो विषय काढायचा नाही. काढला की जाणाऱ्याचा पाय अडखळतो आणि राहणाऱ्याचं मन मागे-पुढे होतं, असं जुनी माणसं मानत.

सोनीबाईनं घरी येऊन प्रेमसिंगला सांगितलं, की वीरेंद्रचा फोन होता, तुम्ही जा, मी राहून राह्यली. प्रेमसिंग दावं वळत होता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा दाव्याला पीळ घालू लागला. रीत त्यालाही माहीत होती. थोड्या वेळानं तो एवढंच म्हणाला, की तुझ्या वाटचं पण पाहून येतो. ते ऐकून सोनीबाई शेळ्यांना पाला टाकायला उठून गेली.

पुढचे पंधरा दिवस तिनं तयारी केली ती सगळी दुसऱ्यांची. प्रेमसिंगचं धोतर नीळ घालून धुतलं. चंदाच्या फ्रॉकचं निघालेलं बटण लावलं. दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या, लसणाची चटणी कुटली, ती दोन डब्यांत भरली. सुनेचा, रुचिकाचा फोन आला. तिकडे थंडी असते, तुमच्यासाठी स्वेटर घेऊन ठेवलंय, असं ती म्हणाली. 'तुमच्यासाठी' म्हणजे सासऱ्यांसाठी, असं धरून सोनीबाई म्हणाली, बरं केलं बाई, त्यायले खोकला लवकर होते.

एकदा शेळ्या घेऊन ती तळ्यात उतरली होती. भेगांमधून एक सरडा पळाला. तिथंच उभं राहून तिनं मनाशी ठरवलं, की आज चंदाला सांगायचं, बापाला फोन लाव, म्हणायचं मलाही यायचंय. घरी येईपर्यंत तिनं ते शब्द जुळवलेही. पण चंदा समोर आली तेव्हा तिनं तिला फक्त पाणी मागितलं.

निघायच्या दिवशी अकराच्या सुमाराला वीरेंद्र आणि रुचिका गाडी घेऊन आले. अकोल्याहून संध्याकाळची रेल्वे होती. जेवणं झाली. प्रेमसिंग नवी टोपी घालून खाटेवर बसला. वीरेंद्रनं सामान गाडीत चढवलं, मोजलं, परत मोजलं आणि आत आला. सोनीबाई चुलीपुढे राख सारखी करत होती. अंगावर तिचं रोजचंच लुगडं होतं.

"याडी, तुई पिशवी कुठं हाय?"

"माई कायची पिशवी?"

"कपड्याची. आन् लुगडं नाही बदललं तू अजून? गाडी सुटन ना."

"मी कायले बदलू? मी तं राहून राह्यली."

वीरेंद्र तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, की मी तुला फोनवर विचारलं होतं आणि तू हो म्हणाली होतीस.

"तूच इचारलं, तू राहशीन ना म्हनून. मी म्हनलं राहतो. मंग राहूनच राह्यली ना मी."

दारात उभी असलेली चंदा हसू लागली. "अगं दादी, पप्पा पायऱ्यांचं विचारत होते! वरच्या खोलीत राहशील का म्हणाले. खालच्या खोल्या संपल्या होत्या आणि तुझा गुडघा दुखतो ना."

रुचिकानंही तोंडाला पदर लावला. वीरेंद्र मात्र हसला नाही. तो आईच्या शेजारी चुलीपुढे उकिडवा बसला आणि त्यानं खिशातून तिकिटं काढली.

"हे पाह्य. सोनीबाई प्रेमसिंग राठोड. दोन महिने झाले काढून." त्याचा आवाज उतरला. "मी तुले ठेवून जाईन, असं वाटलंच कसं तुले?"

सोनीबाई राख सारखी करत राहिली. ठेवून जायचं आणि मागं राहायचं, यात कोणाचा दोष असतो असं तिनं कधी धरलंच नव्हतं. पण वीरेंद्रला तिचं गप्प राहणं समजलं. लहानपणी दर दसऱ्याला गाडीच्या मागे धावणाऱ्या लेकरांना थोपवून धरणारी याडी त्याला आठवली असेल. मग त्यानं तिच्या हातातलं राखेचं फडकं काढून घेतलं आणि तिला उठवलं.

प्रेमसिंग खाटेवरून म्हणाला, "मले वाटलं, तिले पान्याचं भेव वाटते."

"तुमी इचारलं काहून नाही?" वीरेंद्र म्हणाला.

"राहतो म्हननाऱ्याले इचारते का कोनी?"

यावर सोनीबाईला हसू आलं, तेव्हा कुठं घरातला ताण सैल झाला.

पुढची वीस मिनिटं नुसती धावपळ झाली. रुचिकानं ट्रंकेतून लग्नकार्याची दोन लुगडी काढली. पिशवी मिळेना, म्हणून कापूस वेचायच्या झोळीत ती भरली. शेळ्यांचं कसं, म्हणून सोनीबाई पुन्हा अडून बसणार होती, तेवढ्यात लखमा कुडावरून डोकावली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"जाय व तू," ती म्हणाली. "मी राहतो ना."

सोनीबाईनं तिचा हात धरला. मग गाडी निघाली. हापशीजवळ बायका जमल्या होत्या. सवयीनं सोनीबाईनं हात वर केला आणि मग तिच्या लक्षात आलं, की या वेळी आपण गाडीत आहोत.

मंगरूळपीरच्या बसस्थानकापाशी वीरेंद्र पाण्याच्या बाटल्या घ्यायला थांबला. सोनीबाईनं कमरेचा बटवा चाचपला आणि ती एकदम ताठ बसली. घराची किल्ली बटव्यातच होती. शेळ्यांची ढेप, पेंड, सगळं कुलपाच्या आत. इतकी वर्षं किल्ली तिच्याच कमरेला असायची, ती कोणाच्या हाती द्यायची असते हे तिला ठाऊकच नव्हतं.

परत फिरलं तर रेल्वे चुकली असती. पण मानोऱ्याची बस समोरच उभी होती. सोनीबाई स्वतः उतरली, गुडघा धरून बसपाशी गेली आणि तिनं वाहकाला सांगितलं, की तांड्याच्या फाट्यावर लखमा उभी राहील, तिच्या हातात द्या. वाहकानं किल्ली रुमालात बांधून खिशात टाकली. असल्या वस्तू तो रोजच नेत असावा. तीनदा लावल्यावर शेजाऱ्यांचा फोन लागला आणि चंदानं लखमाला निरोप दिला. बस मानोऱ्याच्या दिशेनं गेली. सोनीबाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली, मग कमरेला हात लावत गाडीत येऊन बसली. कंबर हलकी हलकी वाटत होती.

गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागल्यावर ती वीरेंद्रला म्हणाली,

"ते काय इचारलं होतं तू फोनवर? आता इचार."

वीरेंद्रनं आरशातून मागे पाहिलं. "वरच्या खोलीत राहशीन ना याडी? साठ पायऱ्या हायेत."

सोनीबाईनं जरा विचार केला.

"तिथून तळं दिसते का?"

"सगळं दिसते."

"मंग राहीन," सोनीबाई म्हणाली.